पटरची मूठ

प्लासिडच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा त्याची उजवी बाजू गेली, अर्धी वाचा गेली, आणि त्याच्या बायकोचं, कार्मिनचं, घराबाहेर पडणं गेलं. पहिल्या दोन गोष्टींची चौकशी करायला अख्खं गाव येऊन गेलं, केळी आणि बिस्किटं ठेवून गेलं. तिसरी कुणाच्या ध्यानात आली नाही. बाईमाणूस घरात दिसलं की आमच्याकडं सगळं जागच्या जागी आहे असंच धरतात.

घर तसं बरं. पुढं ओटी, आत दोन खोल्या, मागं पडवी, आणि संडास मागच्या अंगणात, नारळींच्या पलीकडं. जुन्या माणसांनी घाण लांब असावी म्हणून तो तिथं बांधला होता. धडधाकट होता तेव्हा प्लासिड विडी पेटवून जायचा आणि ती विझायच्या आत परत यायचा. आता त्याला न्यायचं म्हणजे कार्मिनने त्याच्या डाव्या बगलेत शिरायचं, कंबरेचा पट्टा मुठीत धरायचा आणि अंगणभर त्याला ओढत, ढकलत, शिव्या खात घेऊन जायचं. वाचा अर्धीच राहिली होती, पण शिव्या सगळ्या शाबूत होत्या. डॉक्टर म्हणाला, असं होतं. कार्मिन म्हणाली, नेमकं हेच कसं होतं.

पलंगाशी एक स्टीलचं ताट आणि चमचा ठेवलेला असायचा. लागली की प्लासिड ताट वाजवायचा. त्या ताटाचा आवाज जिथवर पोचेल तिथवर कार्मिनचा मुलूख. मागं विहीर, पुढं बर्नार्डचं कुंपण, वारा बरा असला तर नाक्यावरचा क्रूस. रविवारची मिस्सा टीव्हीवर, तीही ताटाकडं कान ठेवून. एकुलती मुलगी लग्न होऊन परदेशात. ती फोनवर म्हणायची, मम्मी बाई ठेव. बाई ठेवली होती. प्लासिडने तिच्या अंगावर पेज फेकली आणि ती दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. परक्या बाईने आपल्याला संडासाला न्यावं हे त्याला मरणाहून वाईट वाटायचं. शेजारचा बर्नार्ड खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतो, रेड्यासारखा माणूस, एका हाताने प्लासिडला उचलेल. तोही चालेना. फक्त कार्मिन. लोक म्हणायचे, काय जीव आहे बायकोवर.

प्लासिडची नोकरी मुंबईच्या एका गोल्फ क्लबात झाली. मिसरूड फुटायच्या आधी साहेबांच्या पिशव्या उचलायला लागला, नंतर दुरुस्तीच्या खोलीत गेला. गोल्फच्या काठीला तिथले लोक स्टिक म्हणतात. स्टिकच्या वरच्या टोकाला हातात धरायला रबराची मूठ चढवलेली असते, ती ग्रीप. ग्रीप झिजली की बाकीचे कारागीर वाकड्या सुरीने ती उभी फाडून फेकून द्यायचे आणि नवी चढवायचे. पण काही साहेब हट्टी. आपल्या हाताने मऊ झालेली जुनी ग्रीपच त्यांना नव्या स्टिकवर पाहिजे असायची. ते काम प्लासिडकडं. न फाडता, न ताणता, जिवंत सापाची कात काढावी तशी तो ती सबंध उतरवायचा. असाच एक म्हातारा साहेब वारला तेव्हा त्याच्या मुलाने जुन्या स्टिका प्लासिडला देऊन टाकल्या. त्याने त्या गोणीत बांधून गावी आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. गावात तो त्यांनी एकदाच खेळला, नाताळात, आणि बर्नार्डच्या घराचं कौल फोडलं.

व्यायाम शिकवायला मनवेलपाड्याहून हेमांगी नावाची मुलगी स्कूटीवर यायची. गोड मुलगी, पण बोलणं सगळं मुंबईचं. तिचं म्हणणं होतं, अंकलचा डावा पाय एकदम फिट आहे, उजव्यातपण थोडा जोर आलाय, चार पायांची काठी घेऊन ते आरामात बाथरूमपर्यंत जातील, फक्त ट्राय केलं पाहिजे. तिने दुकानातली काठी आणून दिली. त्या काठीच्या दांड्याला स्पंज होता. प्लासिडचा डावा तळवा घामट, दोन दिवसांत स्पंज गोल फिरायला लागला, मग निघूनच आला. बर्नार्डने दुसरी काठी बनवली. बोटाएवढ्या पाइपाची, छातीपर्यंत उंच, बाजूने मुठीत धरता येईल अशी, आणि खाली चार पाय पसरलेले. मजबूत एवढी की म्हैस बांधावी. पण लोखंड घामाने सुळसुळीत व्हायचं. प्लासिडने ती एकदा धरली, सोडली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. त्यानंतर ती काठी कोपऱ्यात उभी राहिली आणि तिच्यावर कार्मिन पंचे वाळत घालायला लागली.

अशात विनीचा फोन आला. विनी कार्मिनची धाकटी बहीण, कळंबला दिलेली. तिच्या मुलीचं, नताशाचं लग्न ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात. त्यांच्याकडं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर पाण्याला जातात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पहिली कळशी मावशीची. कार्मिन मावशीही होती आणि नताशाची धर्ममाताही. देवळात त्या पोरीला बाप्तिस्म्यासाठी तिनेच हातावर धरलं होतं. विनी आडवळणं घेणारी नाही. तिने विचारलं, येणार की नाही ते आताच सांग, नाही तर माझी नणंद रोझमेरी कळशी घासूनच बसलेली आहे.

कार्मिनने येते म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि मग तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. पाण्याला जायचं, रात्री बहिणीकडं राहायचं, दुसऱ्या दिवशी लग्न लावून संध्याकाळी परतायचं. त्या एका रात्रीसाठी तिचा जीव एवढा तुटला की विहिरीवर जाऊन ती नुसतीच उभी राहिली. बादली हातात, पाणी न काढता. तेवढ्यात ताट वाजलं.

ती आत आली, त्याला अंगणातून नेलं, आणलं, पलंगावर बसवलं. मग त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी नताशाच्या लग्नाला जानार हाय. रात्रीची तिथंच राहीन. जेवन बर्नार्ड देईल. तोवर तुम्ही चालायला लागलात तर चाललात. नाय तर पलंगावरच करा, मी येऊन धुईन."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर प्लासिडला भांडता आलं असतं. तो दुपारभर छताकडं बघत पडून राहिला. चहाच्या वेळेला त्याने ताट वाजवलं नाही, नुसतं बोट वर केलं. माळ्याकडं.

"गोनी," तो म्हणाला.

गोणी खाली आली. बर्नार्डही आला. प्लासिडने एक एक स्टिक डाव्या हातात घेऊन दाबून बघितली. सगळ्यांचं रबर वाळून सुपारीसारखं कडक झालेलं. दोनच जिवंत होत्या. एक साधी लोखंडी, आणि एक पटर. चेंडू जवळून हळूच ढकलायची जी आखूड स्टिक असते ती पटर. तिची ग्रीप जाड आणि पुढून सपाट, अंगठा टेकवायला. प्लासिडने लोखंडी बाजूला काढली आणि तिची मूठ बर्नार्डच्या काठीला लावायची असं खुणेने सांगितलं.

बर्नार्ड म्हणाला, "दादा, कशाला त्रास? स्टिकच कापतो ना खालून, चार पाय जोडतो, तुझी ग्रीप जागेवर राहील."

प्लासिडने चमचा त्याच्या डोक्यावर भिरकावला. स्टिक कापायची नाही आणि रबरही फाडायचं नाही. एवढं तो चांगलं स्पष्ट बोलला. गावात कोण आता गोल्फ खेळणार होतं देव जाणे, पण ज्याने हयातभर दुसऱ्याच्या स्टिका सांभाळल्या त्याच्या हातून ती कापणं होईना. ग्रीप उतरव, काठीवर चढव, पुढं कधी परत स्टिकवर चढवू. पुढं कधी म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

आणि मग त्याने सांगितलं, स्पिरिट. सिरींज. कार्मिनने मान डोलावली.

आता इथं कार्मिनची चूक झाली, आणि ती वाडीतल्या बाईचीच चूक. स्पिरिट मेडिकलमधे, आणि मेडिकल नाक्याच्या पलीकडं, म्हणजे ताटाच्या पलीकडं. आणि घरात खोबरेल. आमच्याकडं अडलेलं सगळं तेलानेच सुटतं. बोटात अडकलेली अंगठी तेलाने निघते, एकात एक रुतलेली भांडी तेलाने सुटतात, अडलेल्या बाळंतिणीलाही सुईणी तेलच लावायच्या. तिने दुपारी प्लासिड घोरायला लागल्यावर केरसुणीचा एक हीर मोडला, तेलात बुडवला, ग्रीपच्या तोंडातून आत सारला आणि गोल फिरवला. परत तेल, परत हीर. थोड्या वेळाने ग्रीप केळ्याच्या सालीसारखी हातात आली. लोखंडी पाइपावर तर ती हसत हसत चढली. कार्मिनला वाटलं, एवढ्यासाठी हे मुंबईला पगार घेत होते?

सकाळी प्लासिडने काठी धरली. रबर हाताला लागलं तसा त्याचा चेहराच बदलला. खांदा ताठ झाला. पडवी उतरला, पहिल्या नारळीपर्यंत गेला, कार्मिन मागं मोकळ्या हाताने. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या मागं मोकळ्या हाताने चालत होती. मग त्याने सगळा भार काठीवर टाकला आणि ग्रीप पाइपावर गर्रकन फिरली. माणूस कपडे धुवायच्या दगडाशी कोसळला. तेल सुकत नाही. स्पिरिट उडून जातं आणि खालचा चिकट टेप रबराला घट्ट धरतो, सगळी करामत ती. तेल आत गेलं की ते रबर कायमचं निसरडं.

हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. प्लासिडने काठीचा वास घेतला. खोबरेल. त्याने कार्मिनकडं बघितलं आणि या खेपेला शिवी दिली नाही. ते जास्त वाईट. पलंगावर पडल्यावर दिवसभर तो फक्त ताट वाजवत राहिला. पाणी हवं म्हणून, पंखा हवा म्हणून, पंखा नको म्हणून, नुसताच. हेमांगी येऊन म्हणाली, आंटी, आता अंकलना फोर्स नका करू. विनीचा फोन आला तो कार्मिनने उचलला नाही. रोझमेरी कळशी घेऊन पुढं चाललीय आणि मागून सगळ्या बायका, असं तिला भाजी चिरतानाही दिसायला लागलं.

सूज उतरायला आठवडा गेला. रोज संध्याकाळी ती त्याचा पाय चोळायची. चोळायला बर्नार्डने दिलेली बाटली होती, पहिल्या धारेची. कुणाच्या भट्टीवरची ते विचारायचं नाही. एकदा चोळता चोळता तिला जाणवलं की हातावरची दारू क्षणात उडते आणि तळवा कोरडा खडखडीत होतो. तिने प्लासिडच्या नाकाशी हात धरला.

"ही चालंल?"

प्लासिडने तिचा तळवा अंगठ्याने चोळून बघितला. मग म्हणाला, "पटर आन."

या खेपेला त्याने प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांसमोर करवून घेतली. पटर त्याच्या मांडीवर आडवी. डॉक्टर सुया टोचायचा तेव्हाच्या सिरींजा घरात होत्याच, त्यातली एक दारूने भरली. सुई ग्रीपच्या तोंडाशी, रबर आणि लोखंड यांच्या मधे, हळू. रबराला टोचायची नाही. एक थेंब वर आला तशी त्याने मान हलवली. मग हीर, कोरडा. हिराने वाट केली की दारू आत, दारू आत गेली की हीर पुढं. घाई केली की प्लासिड तिच्या मनगटावर टिचकी मारायचा. आतला जुना टेप काकवीसारखा विरघळायला लागला. खोलीभर असा वास सुटला की कुंपणापलीकडून बर्नार्डने कसला कार्यक्रम आहे म्हणून विचारलं. प्लासिड म्हणायचा, "पिळ," आणि कार्मिन ओला पंचा पिळावा तशी ग्रीप दोन्ही हातांनी पिळायची. शेवटी आतून पुच्च असा आवाज झाला आणि ती हलली. ओढायचं नाही, फिरवत यायचं. सबंध निघाली. कुठं चीर नाही, ओठाशी खरवड नाही.

चढवणं अजून अवघड निघालं. बर्नार्डचा पाइप पटरच्या दांड्याहून अंमळ जाड. पाइप राखेने घासला, पुसला. येशूची तसबीर भिंतीला चिकटवायला आणलेला दोन्हीकडून चिकटणारा टेप त्यावर गुंडाळला. टेपवर दारू, ग्रीपच्या आत दारू, आणि एका दमात ढकलायची, मधे थांबलं की संपलं. कार्मिन मधे थांबली. म्हणजे ग्रीपच थांबली, अर्ध्यावर. पुढं जाईना, मागं येईना, आणि दारू तर उडत चाललेली. तिने काठीचे चारही पाय भिंतीला लावले, ग्रीपचा शेंडा स्वतःच्या पोटावर घेतला आणि रेटा दिला. काही नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. सगळं इथंच अडकणार, ही ग्रीप इथंच, आपणही इथंच, असं तिला वाटलं आणि रडू यायच्या ऐवजी भयंकर राग आला.

प्लासिड पलंगावरून ओरडला, "भोक! वरचं भोक!"

ग्रीपच्या शेंड्याला सुईएवढं भोक असतं. कार्मिनने सिरींज त्यात खुपसली, होती नव्हती तेवढी दारू आत ढकलली आणि परत पोटाने रेटा दिला. ग्रीप सर्रकन खालपर्यंत गेली. कार्मिन काठीवरच आदळली. पोटावर काळानिळा डाग उठला, तो पुढं बरेच दिवस होता. प्लासिडने लांबून डोळा बारीक करून बघितलं, सपाट बाजू अंगठ्याकडं येईल अशी जरा फिरवून घेतली आणि म्हणाला, उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रीप पाइपाला अशी धरून बसली होती की जणू तिथंच उगवली. प्लासिड उठला. पहिली नारळी, मग दुसरी, मग संडासाचं दार. दार त्याने आतून लावून घेतलं. कार्मिन बाहेर उभी राहिली आणि मग तिला सुचलं की इथं आपलं काही काम नाही. ती कुंपणाशी गेली. क्रुसापर्यंत गेली. थोडं पुढंही जाऊन आली. ताट वाजलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने पिशवी भरली. रात्रीचं लुगडं, दुसऱ्या दिवशीची साडी, पावडर. रिक्षा दारात आली. ती ओटीवर येते तर प्लासिड तिथं उभा, पँट-शर्ट, केसांना पाणी, पायात बूट. बर्नार्डने घातलेले.

"मीपन येतो," प्लासिड म्हणाला. "आता चालतो ना."

बर्नार्ड हसत होता. गल्लीतल्या दोन बायका बघत होत्या, त्यांना तर भरूनच आलं. कार्मिन आत गेली. रात्रीचं लुगडं पिशवीतून काढलं, त्या जागी प्लासिडची बदलायची पँट घातली आणि रिक्षात बसली. कळंबपर्यंत तिने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. प्लासिड मात्र वाटेतल्या प्रत्येक नव्या इमारतीकडं बोट दाखवून विचारत होता, ही कधी झाली.

विनीने सगळं समुद्राकाठच्या एका कॉटेजच्या आवारात ठेवलं होतं, नताशाला फोटोला चांगलं म्हणून. फरशीवर प्लासिड साहेबासारखा फिरला. ज्याला त्याला ग्रीप हातात देऊन दाबून बघायला लावली. सगळे म्हणाले, कार्मिन, कमाल केलीस. मग बँड वाजायला लागला आणि बायका कळश्या घेऊन निघाल्या. विहीर सुरूच्या झाडांमागं. तिथवर सगळी वाळू.

कार्मिन पुढं झाली तसा प्लासिडही मागून निघाला. फरशी संपली, काठीचे चार पाय वाळूत रुतले आणि तो थांबला. उचलायला गेला तर तोल जायला लागला. मिरवणूक खोळंबली. रोझमेरी शेजारीच होती, चकचकीत कळशी घेऊन. अगदी मायेने म्हणाली, "कार्मिन, तू त्यांच्याकडं बघ. कळशी मी घेते." विनीने मान खाली घातली. सगळ्यांनी समजून घेतलं. सगळे नेहमीच समजून घ्यायचे.

कार्मिन प्लासिडपाशी आली. त्याने डावी बगल उघडली, सवयीने. तिने आपली कळशी खाली टेकवली, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकून ती वाळूत आणखी खाली दाबली. चारही पाय दिसेनासे झाले.

"धरून राहा," ती म्हणाली. "सोडलंत तर पडाल."

आणि कळशी कडेवर घेऊन ती पुढं गेली. पहिली.

विहिरीवर बायकांनी गाणी म्हटली. कार्मिनने पोहरा सोडला, पहिली कळशी भरली. बाकीच्या भरून निघाल्या तरी ती काठावर टेकली. तिथून नालासोपाऱ्याकडं जाणारा रस्ता दिसतो. एक रिकामी रिक्षा उभी होती. वारा समुद्राचा होता आणि त्यात कसलाच आवाज नव्हता. तिने बराच वेळ घेतला. मग उठली, कारण भरली कळशी घेऊन बाई दुसरीकडं कुठं जाणार?

प्लासिड होता तिथंच उभा होता. माणसं सगळी मांडवाकडं सरकलेली. त्याची डावी मूठ ग्रीपवर पांढरी पडली होती, रबर तसूभर फिरलं नव्हतं. आणि पँट पुढून मांडीपर्यंत ओली होती. त्याने हाक मारली नव्हती. मारली असती तर लोक धावून आले असते, आणि त्यांनी बघितलं असतं.

कार्मिनने बघितलं आणि ती थांबली नाही. मांडवात गेली, बँडच्या गजरात नताशाच्या डोक्यावर पहिलं पाणी घातलं, तिचा मुका घेतला. कळशीत अर्धं पाणी ठेवलं होतं. ते घेऊन ती वाळूत परत आली आणि त्याच्या छातीपासून खाली भडाभडा ओतलं. मांडवातून हशा उठला. म्हातारीला मस्ती आली, कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दोन बायकाही कळश्या घेऊन धावत आल्या आणि त्याच्यावर ओतून गेल्या. प्लासिड नखशिखांत भिजला. आता काय कशाने ओलं ते कुणाला कळणार नव्हतं.

"हलकट," तो हळूच म्हणाला. "किती वेळ लावलास."

"पिशवीत दुसरी पँट हाय," कार्मिन म्हणाली.

तिने काठी ओढून बघितली. निघेना. मग तिने काठीचा नाद सोडला, रिकामी कळशी वाळूत ठेवली आणि त्याच्या डाव्या बगलेत शिरली.